सर्टिफिकेटवर कुणाचं नाव?

गेल्या महिन्यात चार दिवस निफाडला धाकट्या बहिणीकडे जाऊन आले. द्राक्षांचा हंगाम संपलेला, खरड छाटणीही उरकलेली. म्हटलं, आता घरात जरा निवांतपणा असेल, दोघी बहिणी पोटभर गप्पा मारू. कसला निवांतपणा! जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली दोन कागद दाबून ठेवलेले. सकाळी पोह्यांच्या बशा त्यांच्या आजूबाजूला मांडायच्या, रात्री भाकरीची दुरडी त्यांना वळसा घालून पुढे सरकवायची; पण कागद काही कुणी उचलायचं नाही. भाचीला पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, त्याची ती पत्रं. महिनाअखेरपर्यंत एकाला हो म्हणायचं आणि एकाला नाही.

भाची बी.एस्सी. ॲग्री झाली आहे. तिला पिकांच्या रोगांचं शास्त्र शिकायचंय. पहिलं पत्र ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण घेतलं की गल्लीतल्या किराणावाल्यापासून मामलेदार कचेरीतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर जातील. कोर्स एक वर्षाचा, जीवशास्त्राचा, सर्वसाधारण. त्यात वनस्पतींच्या रोगांना वाटा म्हणजे एखादा पेपर, तोही ऐच्छिक. दुसरं पत्र नेदरलँडमधल्या वाखेनिंगनचं. आपल्याकडे कुणी वॅगेनिंगन म्हणतं, कुणी वागेनिंगेन; म्हणजे उच्चारापासूनच पंचाईत. ऱ्हाइन नदीच्या काठचं, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. पण शेतीच्या अभ्यासात जगात या विद्यापीठाला तोड नाही. क्यूएसच्या विषयवार यादीत शेती-वनशास्त्रात ते बरीच वर्षं पहिलं आहे. आणि त्याच क्यूएसच्या सरसकट यादीत पाहाल, तर गेली काही वर्षं पहिल्या शंभरातही नाही!

मेहुण्यांचा कल पहिल्या पत्राकडे. "ताई, पैसा तर दोन्हीकडे लागणारच आहे. मग निदान चार लोकांना सांगता येईल असं तरी बघावं ना?" ते म्हणाले. बहीण गप्प. तिचे सासरे, आमचे अण्णा, ऐंशी ओलांडलेले. त्यांना नेदरलँड चांगलंच ठाऊक. आपल्या द्राक्षांचे कंटेनर रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात हे बागायतदाराच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. अण्णा म्हणाले, "माल आधीच तिकडं जातोय, आता पोरगी जाईल. त्यात काय एवढं?" सगळे हसले. मेहुणे हसले नाहीत.

मग भाचीने माझ्याकडे मोर्चा वळवला. "मावशी, तू कॉलेजात शिकवायचीस. तू सांग."

मी लगेच काही सांगितलं नाही. कारण असलेच दोन कागद एकेचाळीस वर्षांपूर्वी सांगलीला आमच्या घरी आले होते आणि ते माझे होते.

१९८५ साली मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. एम.एस्सी.साठी एका मोठ्या, जुन्या विद्यापीठात नंबर लागला आणि एका नव्या, लहान विद्यापीठातही. लहान विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात उसाच्या रोगांवर काम करणारे एक सर होते. आमच्या कॉलेजच्या बाईंनी आवर्जून सांगितलं होतं, डोळे मिटून त्यांच्याकडे जा. वडिलांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव असतं. डिपार्टमेंटचं नसतं." विषय संपला. मोठ्या गावाला जायचंय म्हणून मीही मनातून खूशच होते, खोटं कशाला बोलू!

तिथे गेल्यावर कळलं की माहितीपुस्तिकेत ज्यांचं नाव पाहून मी वनस्पती-रोगशास्त्र हा खास विषय भरला होता, ते सर आदल्या वर्षीच निवृत्त झालेले. पुस्तिका जुनीच छापत होते. त्यांची जागा भरलेली नव्हती, आणखी दोन जागाही रिकाम्या. मला शैवालं घ्यावी लागली. शैवालांशी माझं काही भांडण नाही, पण दोन वर्षं मी परक्याच्या घरी मुक्कामाला असल्यासारखी राहिले. पुढे पीएचडीला नाव नोंदवलं. मार्गदर्शक दिल्लीच्या बैठकांना असायचे नाहीतर इमारतीच्या समितीवर. तीन वर्षांनी ते काम मी सोडून दिलं. सोडलं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

आता एवढं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, मी भाचीला ताबडतोब म्हटलं असेल की नावाला भुलू नकोस बाई, नाव मोठं लक्षण खोटं. तसं म्हणणं सोपं होतं. पण खरं सांगायचं तर त्या मोठ्या नावाचं मी आयुष्यभर खाल्लं आहे.

आमचे हे बँकेत. बदल्या पाचवीला पुजलेल्या. लग्नानंतर पाच गावं झाली आणि पाच ठिकाणी मी ज्युनियर कॉलेजातल्या नोकरीसाठी अर्ज घेऊन उभी राहिले. दरवेळी नवीन संस्था, नवीन सचिव. एका गावी तर सचिवांनी माझ्या अर्जावरचं विद्यापीठाचं नाव वाचलं, "अरे वा!" म्हणाले आणि मार्कलिस्ट उलगडूनही पाहिली नाही. शैवालं की बुरशी, त्यांना काय करायचंय? विद्यापीठाचं नाव हे आपल्या सोन्यासारखं असतं. कुठल्याही गावच्या सराफाकडे न्या, तो तोंड बघत नाही, वजन करतो. डिपार्टमेंटची कीर्ती म्हणजे जमीन. पिकते, पिढ्या पोसते, पण तिची किंमत त्याच शिवारातल्या माणसांना कळते आणि तुम्हाला तिथे राहावं लागतं. बाईच्या आयुष्यात तिला कुठे राहावं लागेल हे अनेकदा दुसरंच कुणीतरी ठरवत आलंय. म्हणून आमच्या पिढीच्या बापांनी मुलींना सोनं दिलं. माझे वडील काही अडाणी नव्हते.

माझ्याऐवजी त्या लहान विद्यापीठात माझी एक वर्गमैत्रीण गेली. उसाच्या सरांच्या हाताखाली तिने शेतं तुडवली, लाल कूज रोगावर पीएचडी केली आणि पुढे एका संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाली. तिची गोष्ट गोड गोड करून सांगायची नाही मला. तिच्या विषयाची नोकरी एकाच गावी, नवऱ्याचा कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात. अकरा वर्षं दोघं वेगवेगळ्या गावांत राहिले. मुलगा आजीकडे वाढला. जमीन धरून बसायचं म्हणजे हेही आलंच. पण आम्ही भेटतो तेव्हा ती अजून उसाबद्दल बोलते आणि मी बदल्यांबद्दल.

म्हणजे नावाला किंमत आहेच. आणि आता तर ती सरकारी कागदांवरही चढली आहे. ब्रिटनने मे २०२२ मध्ये एक नवा व्हिसा सुरू केला. परदेशातल्या, जागतिक क्रमवारीत वर असलेल्या ठरावीक विद्यापीठांतून नुकतीच पदवी घेतली असेल, तर हातात नोकरी नसतानाही तिकडे जाऊन ती शोधता येते. पदवी कुठल्या विषयाची, विभाग कसा, याची चौकशी नाही. विद्यापीठ यादीत आहे की नाही एवढंच बघायचं. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींतल्या मुलामुलींना परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळते, तिलाही विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. भाचीच्या कर्जासाठी मेहुणे बँकेत गेले, तर साहेबांनी आधी खणातून यादी काढली. तेव्हा 'नावात काय आहे' असं मुलीला सांगून मोकळं होता येत नाही. खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला नावाशिवाय दुसरं काही वाचताच येत नाही.

मात्र खिडकी ओलांडून आत गेल्यावर रोजचे दिवस कुणाबरोबर काढायचे? विद्यापीठाबरोबर नव्हे. विद्यापीठ पदवीदानाच्या दिवशी भेटतं, झगा-टोपी घालून. रोज भेटतो तो विभाग. कुठलं यंत्र चालू आहे, कुठलं सहा महिने बंद आहे. मार्गदर्शक लिहिलेलं वाचतात की टेबलावर ठेवून घेतात. शेजारच्या टेबलावरची मुलगी तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढे आहे की नाही, हे सगळं विभागात. शिकणं म्हणजे निम्मं तर या शेजारणीकडून शिकणं असतं.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. माटुंग्याचं यूडीसीटी हा १९३३ पासून मुंबई विद्यापीठाचा एक विभाग. पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचं. पण तिथला मुलगा "मी मुंबई विद्यापीठात आहे" असं कधी म्हणाला का? तो "यूडीसीटी" म्हणायचा आणि रंगांचे, औषधांचे कारखाने काढणाऱ्यांना तेवढं पुरायचं. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी तिथेच एम. एम. शर्मा सरांकडे १९६९ मध्ये पीएचडी केली. शर्मा सर स्वतः केंब्रिजहून आलेले, सत्ताविसाव्या वर्षी तिथे प्राध्यापक झालेले. विभागाचं नाव इतकं मोठं झालं की २००८ मध्ये तो अभिमत विद्यापीठच झाला, आजची आयसीटी.

आणि भाचीच्याच विषयातली एक बाई मला आठवली. एम.एस्सी.ला असताना वाचनालयात तिच्याबद्दल वाचलं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलेली. योहाना वेस्टरडाइक, डच. वनस्पतींवरच्या बुरशीचा अभ्यास करणारी. १९१७ मध्ये ती उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक झाली, नेदरलँडमधली पहिली स्त्री प्राध्यापक. पण तिची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या आवारात नव्हती. ती आधी ॲमस्टरडॅमला आणि मग बार्न नावाच्या एका लहानशा गावी. पदवी द्यायचं विद्यापीठ, मुलं मात्र यायची ती बाईंच्या प्रयोगशाळेत. तिच्या हाताखाली छप्पन्न जणांनी डॉक्टरेट केली आणि त्यांत जवळजवळ निम्म्या मुली होत्या. त्या काळात! त्यांतल्याच बेआ श्वार्झ या विद्यार्थिनीने, युरोपातली एल्मची झाडं पटापट का मरतायत हे शोधलं. एक बुरशी होती. तिचा प्रबंध १९२२चा. डच मुलींनी छडा लावला म्हणून त्या रोगाला जगभर 'डच एल्म डिसीज' म्हणतात. बिचाऱ्या डच लोकांनी रोग काही आणलेला नव्हता. आता सांगा, त्या मुली उट्रेख्टला गेल्या होत्या की वेस्टरडाइकबाईंकडे?

हे सगळं मी भाचीला रात्री गच्चीवर सांगितलं. ती ऐकून घेते आणि मग नेमका प्रश्न विचारते, ती सवय तिच्या आजीची. म्हणाली, "म्हणजे मावशी, उद्या लग्न होऊन मी कुठल्यातरी गावी गेले तर उपयोगी पडावं म्हणून आत्ता नाव घ्यायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण प्रश्न बरोबर होता. नावाच्या बाजूने मी जे जे बोलले, ते सगळं 'तुला मध्येच थांबावं लागेल' हे धरून होतं. विषय सुटेल, गाव बदलेल, मूल होईल, चार वर्षांनी पुन्हा कुठेतरी अर्ज करशील, तेव्हा हाताशी असू दे. काळजीपोटीच बोलत होते. पण मुलगी अजून निघालीही नाही आणि आम्ही तिच्या थांबण्याची तजवीज करून ठेवतोय. तिच्या भावाला असेच दोन कागद आले असते तर 'मध्येच थांबावं लागलं तर' हा विचार कुणाच्या मनात तरी आला असता का? मेहुण्यांच्या आला नसता, माझ्याही आला नसता.

तेव्हा माझं मत आता स्पष्ट आहे आणि ते इथे लिहिते. मुलीला आपला विषय सापडला असेल, खरोखर सापडला असेल, तर विभाग बघावा. सापडला नसेल, अजून चाचपडत असेल, तर नाव घ्यावं. मोठ्या ठिकाणी चार वाटा दिसतात, त्यात गैर काही नाही. कोर्स वर्षभराचाच असेल आणि लगेच नोकरीत शिरायचं असेल, तरी नावाचं पारडं जड. पण पीएचडी म्हणजे चार-पाच वर्षांचा संसार. तिथे नाव बघून जाणं म्हणजे मुलगा न बघता आडनाव बघून लग्न लावणं.

भाचीला विषय सापडलाय का? हे मात्र मी तिला विचारलं. तर तिने २०१० सालची गोष्ट काढली. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपने माल अडवला होता. ही तेव्हा सात वर्षांची. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती म्हणाली. बहीण म्हणते तसं काही नाही, पेटली होती, फक्त कुणी बोलत नव्हतं. तेव्हापासून औषधांच्या डब्यांवरचं बारीक अक्षर वाचायची हिला सवय. डाऊनी येणार हे चार दिवस आधी कळलं तर किती फवारण्या वाचतील, याचा हिशोब तिने वहीत मांडून ठेवलाय. अण्णा अजून बोर्डोवर विश्वास ठेवून आहेत. मोरचूद आणि चुना, १८८५ पासून चालत आलेलं औषध. तेही बोर्डो विद्यापीठातल्या मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने द्राक्षांच्या डाऊनीसाठीच काढलेलं. नात आणि आजोबा यावरून तासभर भांडतात. या मुलीला जीवशास्त्राचा सर्वसाधारण कोर्स देऊन काय करायचं?

पण माझं पोळलेलं तोंड. विभागाची कीर्तीसुद्धा पुस्तिकेत जुनीच छापलेली असू शकते. एका माणसावर उभी असलेली कीर्ती त्या माणसाबरोबर निवृत्त होते. म्हणून मी तिला म्हटलं, आत्ता तिथे शिकणाऱ्या मुलींना पत्र लिही. मुलींनाच. विचार, तुमच्या विषयावर काम करणारे एकच सर आहेत की गट आहे, पुढच्या दोन वर्षांत कोण जाणार आहे, कामासाठी किती दिवस ताटकळत बसावं लागतं, मागच्या तुकडीतल्या मुली आत्ता कुठे आहेत, मध्येच सोडून कोण गेलं आणि का. शेवटचा प्रश्न अवघडल्यासारखा वाटेल, तरी विचार. मला १९८५ साली हे विचारायला कुणी नव्हतं, पत्ताच नव्हता. आता ई-मेल करायला काय जातं?

दोन्हीकडे तिने लिहिलं. ब्रिटनमधून एका मुलीचं उत्तर आलं, प्रामाणिक होतं. कोर्स छान आहे, शहर सुंदर आहे, पण वर्ष कसं जातं कळत नाही आणि शेतात पाऊल टाकलेलं नाही. वाखेनिंगनहून दोघींची आली. एकीने लांबलचक लिहिलंय. एका प्राध्यापकावर अवलंबून राहावं लागत नाही, रोगशास्त्राचे गट आहेत, काचघरं आहेत. पाऊस फार. खोली मिळणं महाकठीण, आत्तापासून नाव लावून ठेव. आणि शेवटी विचारलंय, सायकल येते ना?

मी पुण्याला परत आले त्याला आता तीन आठवडे झाले. काल बहिणीचा फोन होता. मेहुण्यांनी स्वतःहून विषय काढला म्हणे. फी भरायची म्हणून बँकेत पुन्हा जाऊन आले, पण कुठल्या पत्राची झेरॉक्स दिली ते तिला सांगितलं नाही. टेबलावर आता एकच कागद आहे. बरणी त्याच्यावर ठेवलेली असल्याने वरचं नाव दिसत नाही, आणि तीही उचलून बघत नाहीये. भाची मात्र रोज संध्याकाळी अण्णांची जुनी सायकल घेऊन बागेपर्यंत जाते.